उंबरठा कुठे ठेवायचा, हे यंत्र ठरवत नाही

प्रति,
सार्वजनिक योजनांमध्ये स्वयंचलित निर्णयप्रणालींना मंजुरी देणारे अधिकारी, समिती सदस्य आणि लोकप्रतिनिधी यांस

विषय : मंजुरीच्या फाइलमध्ये न लिहिला जाणारा निर्णय

सप्रेम नमस्कार.

मदतीसाठी आलेल्या अर्जांतून खोटे अर्ज हुडकणारी, कर्जदाराची पत ठरवणारी किंवा रुग्णांची रांग लावणारी प्रणाली आपल्यासमोर मंजुरीला येते, तेव्हा फाइलमध्ये एक आकडा ठळक छापलेला असतो : अचूकता ९५ टक्के. त्या आकड्यावर भरवसा ठेवून सही होते. आम्ही अशा प्रणाली बांधतो आणि तपासतो. आपल्याला जे ठरवायचे असते ते त्या आकड्यात नसतेच, हे सांगण्यासाठी हे पत्र.

एक लाख अर्ज आले आहेत असे धरा. त्यांतले १,००० खोटे, म्हणजे शेकडा एक. प्रणाली खोट्या अर्जांपैकी ९० टक्के पकडते आणि खऱ्या अर्जांपैकी फक्त ५ टक्क्यांवर चुकून बोट ठेवते. आता मोजू या. पकडलेले खोटे अर्ज ९००. खऱ्या ९९,००० अर्जांचे ५ टक्के म्हणजे ४,९५०. एकूण ५,८५० जणांना नोटीस जाईल आणि त्यांतल्या ४,९५० जणांनी काहीही चुकीचे केलेले नसेल. शंभर नोटिसांमागे जवळजवळ ८५ निर्दोष! तरीही अचूकता भरते ९४.९५ टक्के, कारण ज्यांच्या वाटेला ती गेली नाही ते ९४,०५० खरे अर्जसुद्धा या हिशेबात तिच्या जमेला धरले जातात. काहीच न तपासता सरसकट प्रत्येक अर्ज खरा मानणाऱ्या प्रणालीची अचूकता याच कसोटीवर ९९ टक्के येईल.

म्हणून एकट्या अचूकतेच्या आकड्यावर कोणतीही फाइल पुढे जाऊ देऊ नका. चार खणांचा तक्ता मागा : खोटे आणि पकडलेले, खोटे पण निसटलेले, खरे आणि सोडलेले, खरे पण अडकवलेले. चारही खणांत टक्के नकोत, माणसांची संख्या हवी. आणि ती आपल्याकडे प्रत्यक्ष येणाऱ्या अर्जांच्या प्रमाणात हवी. चाचणीसाठी निम्मे खोटे आणि निम्मे खरे अर्ज घेतले असतील, तर वरच्याच प्रणालीच्या शंभर नोटिसांपैकी ९४-९५ बरोबर ठरलेल्या दिसतील. प्रणाली तीच, फक्त मिश्रण बदलले. प्रात्यक्षिकात चमकलेली प्रणाली प्रत्यक्ष कामात निर्दोषांना नोटिसा धाडते, त्यामागे बहुतेकदा एवढेच कारण असते.

आता मूळ मुद्दा. प्रणाली ‘खरा’ किंवा ‘खोटा’ असे काही म्हणत नाही. ती प्रत्येक अर्जाला ० ते १ यांमधला एक गुण देते. किती गुणांच्या वर नोटीस काढायची, तो उंबरठा माणसाने ठेवलेला असतो. तो वर सरकवा, आणि हीच प्रणाली ७० टक्के खोटे पकडून फक्त १ टक्का खऱ्यांना अडकवेल : ७०० खोटे हाती, ९९० निर्दोषांना नोटीस. आधीच्यापेक्षा २०० खोटे अर्ज जास्त निसटले, पण ३,९६० निर्दोष माणसे वाचली. यांतले योग्य कोणते? याचे उत्तर गणितात नाही. एका खोट्या अर्जापोटी जाणारा पैसा आणि एका खऱ्या कुटुंबाची बंद पडलेली मदत यांना एकाच तराजूत तोलावे लागते, आणि तो तराजू लोकांनी आपल्या हाती दिला आहे, प्रोग्रॅमरच्या नाही.

प्रत्यक्षात मात्र अनेकदा तो प्रोग्रॅमरच्याही हाती नसतो. वर्गीकरणासाठी वापरल्या जाणाऱ्या अनेक तयार लायब्रऱ्यांमध्ये, म्हणजे आयत्या मिळणाऱ्या कोडच्या संचांमध्ये, वेगळे काही सांगितले नाही तर उंबरठा ०.५ वर बसतो आणि तिथेच राहतो. ०.५ चा अर्थ साधा आहे : एका निर्दोषाला अडकवणे आणि एका दोषीला सोडणे या दोन चुका सारख्याच वाईट. हे मत कोणत्याही समितीपुढे ठेवा, बहुधा कोणी मान्य करणार नाही. तरीही कोणी न विचारल्यामुळे तेच धोरण होऊन बसते.

हा उंबरठा ठरवण्याची रीत अवघड नाही. निर्दोषाला अडकवणे हे दोषीला सोडण्यापेक्षा किती पट वाईट, ते आधी ठरवा. नऊ पट म्हणालात, तर उंबरठा ९ भागिले (९ अधिक १), म्हणजे ०.९. तीन पट म्हणालात, तर ०.७५. अट एकच : गुण खरोखरच्या शक्यतेशी जुळले पाहिजेत. ज्या अर्जांना ०.८ च्या आसपास गुण मिळाले, त्यांतले शंभरापैकी ८० तपासाअंती खोटे निघतात का, हे प्रत्येक पट्ट्यासाठी पाहायचे. जुळत नसेल तर आधी गुणांची मोजपट्टी सुधारायची, मग उंबरठ्याची चर्चा. क्रम महत्त्वाचा आहे. ‘किती पट’ हा आकडा चाचणीचे निकाल पाहण्यापूर्वी लिहून, सही करून ठेवायचा. निकाल समोर आल्यावर ठरवलेला आकडा निकालाला सोयीचाच निघतो, हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

तत्त्वज्ञानात हा वाद जुना आहे. १९५३ मध्ये रिचर्ड रुडनर यांनी मांडले की कोणतेही वैज्ञानिक गृहीतक पुराव्याने शंभर टक्के सिद्ध होत नाही. म्हणून ‘एवढा पुरावा पुरे’ म्हणताना चूक झाली तर काय बिघडेल याचा विचार करावाच लागतो. औषधात विषारी घटक घातक प्रमाणात नाही, हे म्हणायला जेवढी खात्री लागते तेवढी पट्ट्यांच्या बकलांचा ढीग सदोष नाही असे म्हणायला लागत नाही. रिचर्ड जेफ्री यांनी १९५६ मध्ये उत्तर दिले : वैज्ञानिकाने गृहीतक स्वीकारायचे किंवा नाकारायचे कारणच नाही. त्याने शक्यता सांगावी, निर्णय दुसऱ्याने घ्यावा. आज प्रणाली पुरवणाऱ्या कंपन्या नकळत जेफ्रींचीच बाजू मांडतात : ‘आम्ही फक्त गुण देतो, निर्णय तुमचा.’ आणि तिकडे कार्यालय म्हणते, ‘निर्णय कॉम्प्युटरने दिला.’ दोन्ही बाजूंनी हात झटकल्यावर मधे उरतो तो अर्जदार. युरोपीय संघाच्या न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये जर्मनीतल्या पतमापनाच्या एका प्रकरणात ही पळवाट बरीचशी बुजवली. समोरची संस्था त्या गुणांवर प्रामुख्याने विसंबून करार करायचा की नाही हे ठरवत असेल, तर गुण काढणे हाच स्वयंचलित निर्णय ठरतो, असा तो निकाल आहे. इतरत्र असा कायदा असो वा नसो, फाइल लिहिताना याच समजुतीने लिहावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे सगळे गुंतागुंतीच्या कृत्रिम बुद्धिमत्तेपुरतेच आहे असे समजू नका. ऑस्ट्रेलियात २०१५ ते २०१९ या काळात लाखो लोकांवर सरकारी मदतीची थकबाकी लादली गेली, ती साध्या भागाकारातून. तिथे मदत पंधरवड्याच्या कमाईवर ठरते. कर खात्याकडे मात्र कमाई वर्षाची असते. प्रणालीने वर्षाची कमाई २६ पंधरवड्यांत समान वाटली. समजा एखाद्याने १३ पंधरवडे काम करून प्रत्येकी २,००० मिळवले आणि उरलेले १३ पंधरवडे बेकार राहून मदत घेतली. वर्षाची कमाई २६,०००. भागाकाराने प्रत्येक पंधरवड्याला १,००० आले. म्हणजे बेकारीच्या काळातही हा माणूस १,००० कमवत होता आणि ‘शून्य’ असे खोटे सांगत होता, असे कागदावर ‘सिद्ध’ झाले. हंगामी काम करणाऱ्या, शिकता शिकता कमावणाऱ्या माणसाची कमाई समान नसतेच. आणि मदत नेमकी त्यांनाच लागते. भागाकार अचूक होता, गृहीतक चुकले होते. वर, जुन्या पगाराच्या पावत्या आणून आपले निर्दोषत्व दाखवण्याचे ओझे त्यांच्याच माथी मारले. २०२० मध्ये सरकारला सुमारे ४,७०,००० थकबाक्यांचे पैसे परत करण्याची घोषणा करावी लागली, २०२३ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला. मंजुरीच्या वेळी कोणी वीस खऱ्या फाइली हाताने सोडवून पाहिल्या असत्या, तर हा दोष पहिल्याच दुपारी दिसला असता. आपण ते करा. कमाई चढउताराची असलेल्या, मधेच नाव किंवा पत्ता बदललेल्या, दोन ठिकाणी नोंद झालेल्या अशा वाकड्या फाइली मुद्दाम निवडा. सरळ फाइलीवर सगळ्याच प्रणाली चालतात.

दुसरी चूक दिसायला कठीण असते : जे मोजायचे ते सोडून जे हाताशी आहे ते मोजणे. अमेरिकेत कोणत्या रुग्णांना जास्तीची देखभाल द्यायची हे ठरवणारी एक प्रणाली आजाराच्या तीव्रतेऐवजी उपचारावर होणारा खर्च भाकीत करत होती. खर्चाची नोंद बिलांत तयार मिळते, आजाराची मिळत नाही. पण कृष्णवर्णीय रुग्णांवर तेवढ्याच आजारात कमी खर्च होत होता, कारण उपचारच कमी पोहोचत होते. परिणामी सारखेच गुण मिळालेल्या दोन रुग्णांत कृष्णवर्णीय रुग्ण जास्त आजारी असे. २०१९ च्या अभ्यासातला हिशेब असा : ही तफावत काढली तर जास्तीच्या देखभालीसाठी निवडल्या जाणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाते. वंश हा रकाना त्या प्रणालीत नव्हताच. तेव्हा ‘आम्ही जात, धर्म, वंश वापरत नाही’ हे आश्वासन पुरेसे मानू नका. प्रणाली नेमके काय भाकीत करते, हे एका वाक्यात लिहून घ्या. ‘फसवणूक’ असे लिहिले असेल तर पुढे विचारा : सिद्ध झालेली फसवणूक, की पूर्वी ज्यांच्यावर संशय घेतला गेला ते? या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

संशयाचे चक्र कसे फिरते, तेही इथेच सांगतो. प्रणाली ज्यांच्याकडे बोट दाखवते, फक्त त्यांचीच तपासणी होते. त्यांतल्या काहींत चूक सापडते. तीच माहिती पुढच्या वर्षी प्रणालीला शिकवली जाते. ज्या वस्तीकडे किंवा गटाकडे कधी पाहिलेच नाही, तिथे गैरप्रकार ‘नसतात’. जिथे सतत पाहिले, तिथे ‘वाढतात’. यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. दर महिन्याला न अडवलेल्या अर्जांतून चिठ्ठ्या टाकून काही अर्ज काढायचे आणि अडवलेल्यांइतक्याच कसून तपासायचे. असे ३०० अर्ज तपासून एकही खोटा निघाला नाही, तर ९५ टक्के खात्रीने म्हणता येते की निसटलेल्यांचे प्रमाण शेकडा एकाहून कमी आहे. नोटिसा बजावलेल्यांतून ६०० जणांचा नमुना घेतला आणि १५ टक्के खरोखर दोषी निघाले, तर खरा आकडा साधारण १२ ते १८ टक्क्यांच्या मधे असतो. न अडवलेल्यांचा नमुना काढला नाही तर चार खणांपैकी ‘खोटे पण निसटलेले’ हा खण कायमचा अंधारात राहतो.

‘शेवटी माणूस बघतोच की’ असे आपल्याला सांगितले जाईल. मग विचारा, किती मिनिटे बघतो? वरच्या उदाहरणातल्या ५,८५० फाइलींना प्रत्येकी २० मिनिटे दिली तर १,९५० तास लागतात. रोज सहा तास नुसत्या फाइलीच पाहणाऱ्या एका माणसाचे हे ३२५ दिवसांचे काम. मंजुरी एका माणसाची आणि ६५ दिवसांची असेल, तर फाइलीमागे ४ मिनिटे उरतात. तेवढ्या वेळात तपास होत नाही, शिक्का मारला जातो. त्यातही प्रणालीशी सहमत व्हायला एक क्लिक आणि असहमत व्हायला चार ओळींचे कारण लिहायला लावले असेल, तर निकाल आधीच ठरला. दोन्हीकडे सारखेच श्रम ठेवा. शिवाय, उत्तर आधीच माहीत असलेल्या, मुद्दाम चुकीचे गुण दिलेल्या काही फाइली दर आठवड्याला मिसळा. तपासनीस त्या पकडत नसतील तर माणूस कागदोपत्रीच आहे. दोष बहुतेकदा त्या माणसाचा नसतो, त्याला मिळालेल्या वेळेचा असतो.

थेराक-२५ या किरणोपचार यंत्राचे उदाहरण याच कारणासाठी आजही शिकवले जाते. १९८५ ते १९८७ मध्ये त्या यंत्राने सहा ज्ञात प्रकरणांत रुग्णांना प्रचंड जास्त मात्रा दिली आणि त्यांतल्या काहींचे प्राण गेले. आधीच्या मॉडेलमध्ये चूक झाली तर किरण अडवणारी स्वतंत्र यांत्रिक व्यवस्था होती. नव्या मॉडेलमध्ये ती काढून सगळा भार सॉफ्टवेअरवर टाकला. किरण वळवणारे चुंबक जागेवर यायला लागणाऱ्या सुमारे आठ सेकंदांत ऑपरेटरने पडद्यावरची नोंद दुरुस्त केली, तर ती दुरुस्ती यंत्राच्या एका भागापर्यंत पोहोचतच नसे. पडद्यावर येई ‘मालफंक्शन ५४’. त्याचा अर्थ ऑपरेटरच्या हाती असलेल्या माहितीपुस्तिकेत समजावलेला नव्हता. असे इशारे एरवीही सतत येत, म्हणून ‘पुढे चला’ची कळ दाबायची सवय लागलेली. माणूस समोर बसलेला होता, पण त्याच्याकडे थांबण्याचे कारण समजून घ्यायचे साधनच नव्हते.

निष्पक्षतेविषयी आपल्याला एक तांत्रिक सत्य माहीत असायला हवे, कारण ते सहसा सांगितले जात नाही. दोन गट घ्या, प्रत्येकी १०,००० माणसांचे. पहिल्यात दोषी २,०००, दुसऱ्यात १,०००. दोन्ही गटांत प्रणाली ६० टक्के दोषी पकडते आणि दोन्हीकडे तिच्या शंभरातल्या ६० नोटिसा बरोबर असतात. अगदी समान वागणूक वाटते. पण पहिल्या गटात ८,००० निर्दोषांपैकी ८०० अडकतात, म्हणजे १० टक्के. दुसऱ्यात ९,००० पैकी ४००, म्हणजे ४.४ टक्के. निर्दोष असूनही पहिल्या गटातल्या माणसाला दुपटीहून जास्त धोका. दोन गटांतले मूळ प्रमाण वेगळे असेल आणि भाकीत शंभर टक्के बिनचूक नसेल, तर समानतेचे हे सगळे निकष एकाच वेळी पाळता येत नाहीत. २०१६ च्या सुमारास हे गणिताने सिद्ध झाले आहे. म्हणजे कोणती समानता राखायची आणि कोणती सोडायची, हीसुद्धा निवड आहे. ती करा आणि उघड लिहा. आणि त्याआधी ते ‘२,०००’ आणि ‘१,०००’ आले कुठून, ते तपासा. वरचे संशयाचे चक्रच ते आकडे घडवत असेल. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्याच्या तपासणीत नागरिकत्व हा जोखमीचा निकष म्हणून वापरला गेला, किरकोळ त्रुटींसाठी पूर्ण भत्ता परत मागितला गेला, हजारो कुटुंबे कर्जात बुडाली. जानेवारी २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. कुटुंबांचे नुकसान तोवर होऊन गेले होते.

पुरावा कोणी द्यायचा, हा प्रश्न तर तंत्रज्ञानाचा नाहीच. ब्रिटनमध्ये १९८४ च्या कायद्यानुसार कॉम्प्युटरची नोंद पुरावा म्हणून आणणाऱ्याला तो नीट चालत होता हे दाखवावे लागे. १९९९ च्या कायद्याने ती अट काढली. कॉम्प्युटर बरोबरच असतो, असे न्यायालये धरून चालू लागली. त्याच वर्षी डाकघरांत होरायझन ही हिशेबप्रणाली येऊ लागली. तिने दाखवलेल्या तुटीवरून पुढच्या काळात डाकघर चालवणाऱ्या ९०० हून अधिक लोकांना चोरी-अफरातफरीत दोषी ठरवले गेले. त्यांच्या हिशेबात बाहेरून, त्यांना न कळवता बदल करता येत होते, हे न्यायालयाच्या निकालात आले २०१९ मध्ये. हिशेब बघायचे अधिकार एकाकडे आणि चूक सिद्ध करायची जबाबदारी दुसऱ्याकडे असेल, तर जगातला कोणताही प्रामाणिक माणूस त्या खटल्यात हरेल.

म्हणून नोटिशीत या गोष्टी असल्याच पाहिजेत : कोणती माहिती वापरली, ती कुठून आणि कोणत्या काळाची, तिच्यातले नेमके काय जुळले नाही, आणि ही शंका आहे, निष्कर्ष नाही हे साध्या भाषेत. उत्तर येऊन माणसाने फाइल तपासेपर्यंत मदत थांबवायची नाही, वसुली सुरू करायची नाही. जुने कागद कार्यालयाकडेच असतील तर ते अर्जदाराकडे मागायचे नाहीत. उत्तर न आल्यास ते कबुली मानायचे नाही. पत्ता बदलला असेल, पत्र वाचता आले नसेल.

नोंदवहीबद्दल थोडक्यात. प्रत्येक निर्णयासोबत त्या क्षणी वापरलेली माहिती, प्रणालीची आवृत्ती, मिळालेले गुण, त्या दिवशीचा उंबरठा आणि तो शेवटी कोणी बदलला ते नाव, एवढे साठवले जावे. कसोटी अशी : तीन वर्षांपूर्वीचा कोणताही एक अर्ज उचलून तोच निकाल पुन्हा काढून दाखवता येतो का? येत नसेल तर अपिलात सांगण्यासारखे कोणाकडेच काही नसेल. करारात ही नोंद आपल्या मालकीची असल्याचे आणि बाधित व्यक्तीला आपल्या प्रकरणापुरती ती मिळेल असे लिहा. ‘व्यापारी गुपित’ हे कारण खरेदीच्या वेळीच नाकारता येते. नंतर त्याच्यासाठी न्यायालयात जावे लागते.

आमची विनंती अशी की पुढची अशी फाइल आपल्यासमोर येईल तेव्हा तिच्यावर एक पान जोडून ते लोकांसमोर ठेवावे. निर्दोषाला अडकवणे किती पट वाईट मानले तो आकडा, त्यावरून ठरलेला उंबरठा, वर्षाला अपेक्षित अडकणाऱ्या निर्दोषांची संख्या, फाइलीमागे तपासनिसाची मिनिटे, समानतेचा निवडलेला निकष. प्रणाली निदान तीन महिने कोणालाही नोटीस न काढता शेजारी चालवून पाहावी आणि तिचे निकाल हाताने झालेल्या तपासाशी ताडावेत. ती कधी बंद करायची तेही आधीच लिहावे : उदाहरणार्थ, मासिक नमुन्यात बरोबर ठरलेल्या नोटिसांचे प्रमाण सलग दोन महिने ठरवलेल्या आकड्याखाली गेले, तर नव्या नोटिसा आपोआप थांबतील आणि पुन्हा सुरू करायला नवी सही लागेल. त्या पानाच्या तळाशी प्रणालीचे किंवा कंपनीचे नाव नको. उंबरठा ज्यांनी ठरवला, त्या व्यक्तीचे नाव आणि पद हवे.

आपले,
अशा प्रणाली बांधणारे आणि तपासणारे आम्ही काही जण